शब्दबंबाळ कशाला म्हणायचं आणि कशाला नाही

हल्ली कोणी जरा लांब किंवा जड मराठी लिहिलं की लगेच कोणीतरी म्हणतं, फार शब्दबंबाळ आहे. ज्ञानेश्वरीवरचं विवेचन असलं तरी शब्दबंबाळ, कोर्टाच्या निकालाचं भाषांतर असलं तरी शब्दबंबाळ, कधीकधी तर नुसतं 'तथापि' दिसलं तरी शब्दबंबाळ. आणि जे खरोखर शब्दबंबाळ असतं, चौकातल्या फ्लेक्सपासून संस्थेच्या वार्षिक अहवालापर्यंत जे पसरलंय, त्याला मात्र लोक 'काय भारदस्त भाषा आहे' म्हणून टाळ्या देतात. म्हणजे चांगल्या भाषेला शिवी आणि फुगलेल्या भाषेला शाबासकी. ह्याने मराठीचं नुकसान होतंय असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा शब्द नीट समजून घेऊया.

सरळ अर्थ असा की ज्या बोलण्यात किंवा लिखाणात शब्दांचा आकार आणि आवाज मोठा, पण त्यातून हाती लागणारा मजकूर त्यामानाने फारच थोडा, ते शब्दबंबाळ. ह्यात दोन अटी आहेत आणि दोन्ही लागतात. नुसते मोठे शब्द असून चालत नाही आणि नुसता मजकूर कमी असूनही चालत नाही, दोन्हीमधलं प्रमाण बिघडलेलं असलं पाहिजे. लोकांची गल्लत इथेच होते, ते पहिली अट बघतात आणि दुसरी तपासतच नाहीत.

'बंबाळ' हा तुकडा आज आपल्याला मुख्यतः दोनच ठिकाणी भेटतो, रक्तबंबाळ आणि शब्दबंबाळ. अपघातात कोणाचं डोकं फुटलं आणि तो रक्तबंबाळ झाला तर रक्त इतकं असतं की जखम नेमकी कुठे आहे तेच दिसत नाही. शब्दबंबाळ मजकुरातही मुद्दा असाच शब्दांखाली सापडेनासा होतो. वापर बघाल तर हे विशेषण भाषणाला लागतं, लेखाला लागतं, प्रस्तावनेला, मानपत्राला, कवितेला लागतं. माणसाला सहसा लावत नाहीत, 'तो शब्दबंबाळ लिहितो' असं म्हणतात. गुण कमीजास्त दाखवता येतो, 'लेख चांगलाय पण शेवटी जरा शब्दबंबाळ झालाय' हे अगदी रोजचं वाक्य. नाम हवं असेल तर शब्दबंबाळपणा. आणि हा शब्द कौतुक म्हणून कधीच येत नाही, कोणी तुमच्या भाषणाला शब्दबंबाळ म्हणालं तर ती टीकाच आहे असं समजायचं.

ह्याच्या शेजारी एक जुना भाऊ आहे, शब्दावडंबर. म्हणजे शब्दांचं अवडंबर. आपण 'कर्मकांडाचं अवडंबर माजवलं' म्हणतो त्यातलंच अवडंबर, आणि ते आलंय संस्कृत 'आडंबर' मधून. आता गंमत बघा, आडंबर म्हणजे मुळात एक प्रकारचा ढोल. मग त्याचा अर्थ मोठा आवाज झाला, लढाईच्या वेळची गर्जना झाली, हत्तीचं ओरडणं झालं, आणि तिथून थाटमाट, दिखावा, डामडौल. म्हणजे आपल्याकडे फुगलेल्या भाषेची तक्रार कानाला जाणवली, हा आवाज फार करतो असं लोकांना वाटलं. इंग्रजीत ह्यासाठी जो बॉम्बास्ट शब्द आहे त्याचा प्रवास वेगळाच. बरेच जण समजतात की त्याचा बॉम्बशी संबंध आहे, तसं नाहीये. तो कापसाच्या जुन्या लॅटिन नावावरून आलाय. सोळाव्या शतकात तिकडे श्रीमंत लोकांचे अंगरखे छाती-खांद्याला फुगवायची फॅशन होती आणि आत कापूस, लोकर, घोड्याचे केस असलं काहीबाही भरायचे, त्या भरणाला बॉम्बास्ट म्हणायचे. मग तसंच आत भरण घालून फुगवलेल्या भाषेलाही तोच शब्द लागला. एकाने ढोल ऐकला, दुसऱ्याने कापूस चाचपला, तक्रार दोघांची एकच.

आणि ही तक्रार काही आजची नाही. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारातल्या बाणभट्टाने एका श्लोकात चार दिशांच्या लेखकांची खासियत सांगितलीय. उत्तरेकडचे श्लेषात रमतात, पश्चिमेकडच्यांना फक्त अर्थाशी मतलब, दक्षिणेकडच्यांना उत्प्रेक्षा आवडते आणि गौडांकडे, म्हणजे बंगालच्या बाजूला, 'अक्षरडम्बर'. तेच डंबर. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीच कोणीतरी कोणाला तरी शब्दबंबाळ म्हणून मोकळं झालं होतं. आणि हे म्हणणारा बाणभट्ट स्वतः कसला लिहायचा, तर एकेक समास ओळी ओळी लांब. तरी त्याला कोणी शब्दबंबाळ म्हणून बाजूला टाकलं नाही, उलट त्याच्या कथेचं नाव मराठीने एका अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं, कादंबरी. का, तर त्या लांब समासात प्रत्येक पदाला बघण्यासारखं काहीतरी असतं. संस्कृत काव्यशास्त्रात पुढे ह्या शैलींना रीती म्हणायला लागले, त्यात लांब समासांची जोरकस ती गौडी आणि सुबोध, गोड ती वैदर्भी. वैदर्भी म्हणजे आपल्या विदर्भाच्या नावाची. सोप्या सुंदर भाषेच्या शैलीला आपल्याच मातीचं नाव आहे ही गोष्ट शाळेत मराठीच्या पहिल्या तासाला सांगायला हवी.

आता शेजारचे शब्द पटकन वेगळे करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पाल्हाळ म्हणजे लांबण लावणं, विषय सोडून भटकणं, पण पाल्हाळ अगदी साध्या शब्दातही लावता येतं, आत्या गावच्या लग्नाची गोष्ट सांगताना लावते तसं, त्याला शब्दबंबाळ म्हणत नाहीत. 'नमनाला घडाभर तेल' ही म्हण पाल्हाळाची. क्लिष्ट म्हणजे समजायला कठीण, आणि कठीण असण्याचं कारण कधी भाषा असते तर कधी विषयच तसा असतो. इन्कम टॅक्सचं कलम क्लिष्ट असतं पण त्यातला एकेक शब्द काहीतरी ठरवत असतो, एक 'किंवा' काढला तर लाखोंचा फरक पडेल. बोजड म्हणजे तोंडात न बसणारं, जिभेला जड, सरकारी भाषेचा मुख्य आजार हा. पल्लेदार म्हणजे लांब पल्ल्याचं, श्वास धरून बांधलेलं वाक्य, आणि हे खरंतर कौतुक आहे. अलंकारिक हे कौतुकही नाही आणि टीकाही नाही, नुसतं वर्णन आहे. आणि अतिशयोक्ती हा तर सरळ अलंकारच, आचार्य अत्रे 'गेल्या दहा हजार वर्षांत' म्हणायचे तेव्हा ऐकणाऱ्यालाही माहीत असायचं की ही गंमत आहे आणि मोठेपणा शब्दांचा नसून मजेचा आहे.

पण हे सगळं समजायला माझ्या मते सगळ्यात चांगली जागा पुस्तकात नाही, नाशिकमध्ये आहे, मुंबई-आग्रा रोडला पांडवलेणीवर. आपण नाशिककर तिथे सकाळी व्यायामाला चढतो, पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो आणि खाली येतो. भिंतीवर काय कोरलंय ते वाचायचा प्रश्नच येत नाही कारण लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. पण तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो लेख आहे ना, तो भारदस्त भाषेचा असा नमुना आहे की आजचा कुठलाही फ्लेक्सवाला त्याच्यापुढे लाजेल. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी ह्याच्या राज्याच्या १९व्या वर्षी, म्हणजे दुसऱ्या शतकात, तिने हे लेणं बौद्ध भिक्षूंना दान दिलं आणि त्या निमित्ताने गेलेल्या मुलाचं वर्णन कोरून घेतलं. विशेषणामागून विशेषण, लांबच लांब समास. त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे 'तिसमुदतोयपीतवाहन', ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय असा. मग तो शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा, खखरात म्हणजे क्षहरात ह्या शक राजवंशाचा मागमूस न ठेवणारा, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा, अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणं न आवडणारा, धर्माप्रमाणेच कर घेणारा, प्रजेच्या सुखदुःखाशी एकरूप झालेला. ज्या डोंगरात लेणं आहे त्याला कैलासाच्या शिखराची उपमा दिलीय, आणि लेण्याला देवांच्या विमानाची. आपण वीसेक मिनिटात पायऱ्या चढून वर पोचतो असा तो डोंगर.

मग हे शब्दबंबाळ आहे का?

मला विचाराल तर नाही. ह्या लेखात राजाने ज्या प्रदेशांवर राज्य केलं त्यांची नावं आहेत, असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनुप, विदर्भ, आकरावंती. डोंगरांची नावं आहेत, विंध्यापासून सह्याद्रीपर्यंत. आणि 'क्षहरातांचा मागमूस ठेवला नाही' हा जो सगळ्यात मोठा दावा, त्याचा पुरावा १९०६ मध्ये इथून जवळच जोगलटेंभीला जमिनीतून वर आला. तिथे क्षहरात राजा नहपान ह्याची चांदीची १३,००० हून जास्त नाणी एकत्र सापडली आणि त्यातल्या बहुतेक नाण्यांवर, साधारण दोन तृतीयांश, गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. म्हणजे शत्रूचं चलन ताब्यात घेऊन त्यावर स्वतःचं नाव ठोकलं. आईने दगडावर लिहिलेलं मोठं वाक्य अठराशे वर्षांनी चांदीच्या नाण्यांनी खरं ठरवलं. भाषा मोठी आहे, हो, पण मागे उभं राहायला तेवढंच मोठं काहीतरी आहे. कैलासाची उपमा जास्त झाली हे मान्य, पण गेलेल्या मुलाबद्दल आणि देवाधर्माच्या दानाबद्दल एका आईचे शब्द आहेत ते, तिथे उंच सूर लागणारच, आणि तो प्रसंगही तसाच होता.

आणि ह्याच लेण्यांमध्ये दुसरीही भाषा आहे, ती जास्त कोणी सांगत नाही. त्याच तीन नंबरच्या लेण्यात खुद्द गौतमीपुत्राचा ऑफिस ऑर्डर म्हणावा असा आदेश आहे. त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षाचा, गोवर्धनच्या अमात्याला म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला उद्देशून, आपल्या गंगापूरकडचं गोवर्धन तेच. अमुक गावात आधी नहपानाचा जावई उषवदात ह्याच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनं (निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप) शेत आम्ही इथल्या भिक्षूंना देतोय, त्यात कोणी शिरू नये, कोणी त्रास देऊ नये, मिठासाठी खणू नये. झालं. मग सहा वर्षांनी म्हणजे २४व्या वर्षी दुसरा आदेश आहे, की ते शेत कोणी कसत नाहीये आणि ते गावही वसलेलं नाही, म्हणून त्याऐवजी शहराच्या सीमेवरची आपली सरकारी जमीन, १०० निवर्तनं, त्यांना द्या. म्हणजे दिलेली जमीन कामाची निघाली नाही हे राजाने सरळ दगडावर लिहून टाकलंय, 'अपरिहार्य कारणास्तव' वगैरे काही नाही, कारण काय ते लिहिलंय.

दहा नंबरच्या लेण्यात तर त्याहून भारी प्रकार आहे. ह्याच उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, कायम ठेव ठेवली त्याचा हिशोब. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २,००० कार्षापण महिना शेकडा एक व्याजाने, दुसऱ्या श्रेणीकडे १,००० शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्याच्या व्याजातून २० भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. करून बघा हिशोब, महिन्याला २०, वर्षाला २४०, बरोबर २० जणांना १२-१२. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली तरी ही एफडीची पावती कोणालाही समजते. म्हणजे तेव्हाच्या लोकांना दोन्ही भाषा येत होत्या आणि कुठली कुठे वापरायची तेही कळत होतं, स्तुतीला उंच भाषा आणि जमीन-पैशाला सरळ भाषा. आपला गोंधळ असा झालाय की आपण पाणीपट्टीच्या नोटिशीला बलश्रीची भाषा लावतो, आणि ती सुद्धा नाणी न सापडलेली.

ह्याच तपासणीने बघितलं की बरेच वाद सुटतात. उदाहरणार्थ सावरकर, आपल्या भगूरचे. त्यांनी भाषाशुद्धीसाठी संस्कृतवरून शब्द घडवले आणि आजही लोक म्हणतात की हे सगळं शब्दबंबाळ. पण महापौर हा शब्द घ्या, दिनांक घ्या. महापौर म्हणजे मेयर, तेवढंच, एका शब्दाला एक अर्थ, फुगवटा कुठेच नाही, आणि आज रविवार कारंजावरचा भाजीवालाही तो शब्द न अडखळता म्हणतो. घडवलेला शब्द चालला नाही तर तो बोजड म्हणा, अनावश्यक म्हणा, तो वेगळा वाद आहे आणि त्यात माझंही मत प्रत्येक शब्दाला एकच नाहीये, पण शब्दबंबाळ हे नाव तिथे लागू होत नाही. तसंच कुसुमाग्रजांचं. ज्यांचा वाढदिवस २७ फेब्रुवारी आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो त्यांची भाषा अनेक ठिकाणी उंच आहे, प्रतिमांनी भरलेली आहे, आणि काही ठिकाणी इतकी साधी आहे की चौथीतलं पोरगं वाचेल. दोन्हीकडे एक शब्द काढला तर काहीतरी जातं. आणि नाशिकला डिसेंबर २०२१ मध्ये जे ९४वं साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर, त्यांनी कृष्णविवरं आणि विश्वाची उत्पत्ती असले विषय मराठीत लिहिले आणि वाचणाऱ्याला कुठेही छाती दडपल्यासारखं वाटत नाही. विषय अवघड होता, भाषा नव्हती. म्हणून कोणी म्हणालं की 'विषयच गंभीर आहे म्हणून भाषा अशी झाली' तर ते पूर्ण खरं नसतं.

बरं मग शब्दबंबाळ तयार होतं कसं, तर त्याच्या काही ठरलेल्या रीती आहेत आणि एकदा दिसायला लागल्या की सगळीकडे दिसतात. पहिली म्हणजे जोडीने चालणारे शब्द. ध्येय आणि उद्दिष्ट, प्रगती आणि विकास, मान आणि सन्मान, सहकार्य आणि योगदान. दोन्ही एकच सांगतात, एक काढला तर काहीही बिघडत नाही. दुसरी म्हणजे विशेषण जे कोणालाही लागतं. चौकात फ्लेक्स लागतो त्यावर कार्यसम्राट, विकासपुरुष, दानशूर, युवकांचे प्रेरणास्थान असं लिहिलेलं असतं, आता त्यावरचा फोटो बदलून दुसरा लावा, मजकूर तसाच्या तसा चालेल. बलश्रीच्या लेखात तसं करता येत नाही, कारण नहपानाच्या नाण्यांवर ठसा मारणारा राजा एकच झाला. माझ्या मते ही फोटो बदलायची परीक्षा सगळ्यात सोपी आणि सगळ्यात खात्रीची आहे. मानपत्राला लावा, श्रद्धांजलीला लावा, पुस्तकाच्या प्रस्तावनेला लावा. श्रद्धांजलीत 'त्यांच्या जाण्याने समाजाची कधीही न भरून येणारी हानी झाली' असं असेल तर ते कोणाचंही आहे, आणि 'त्या दर दिवाळीला वाड्यातल्या सगळ्या पोरांना स्वतःच्या हाताने किल्ल्यासाठी माती कालवून द्यायच्या' असं असेल तर ते फक्त त्या एका बाईंचं आहे. दुसरं वाक्य ऐकून माणसं रडतात, पहिलं ऐकून घड्याळ बघतात.

तिसरी रीत क्रियापदाचा जीव काढायची. 'तपासलं' म्हणायच्या ऐवजी 'तपासणीची प्रक्रिया पूर्ण करण्यात आली', 'भेटले' च्या ऐवजी 'सदिच्छा भेटीचे औचित्य साधले', 'ठरवलं' च्या ऐवजी 'निर्णय घेण्याबाबत सकारात्मक भूमिका घेण्यात आली'. ह्या शेवटच्याकडे नीट बघा, त्यात ठरवलं की नाही हेच सांगितलेलं नाही. आणि 'घेण्यात आली' मुळे कोणी घेतली तेही गेलं. म्हणजे शब्द सहा आणि करणारा माणूसही गायब, कामही गायब.

आणि एक नवीन जात आलीय, इंग्रजी शब्दांची. लोकांना वाटतं शब्दबंबाळपणा फक्त संस्कृत शब्दांचाच असतो, अजिबात नाही. 'आम्ही शेतकऱ्यांसाठी एक होलिस्टिक इकोसिस्टीम क्रिएट करतोय जिथे व्हॅल्यू चेनमधल्या सगळ्या स्टेकहोल्डर्सना एम्पॉवर केलं जाईल' असं कोणी गंगापूर रोडच्या हॉटेलमधल्या कार्यक्रमात बोललं तर विचारायचं की म्हणजे तुम्ही काय देणार, द्राक्ष विकत घेणार, कोल्ड स्टोरेज देणार, की ॲप देणार? पिंपळगावच्या शेतकऱ्याला पेटीचा भाव आणि पैसे कुठल्या तारखेला एवढं कळलं की पुरे. त्याच्यासाठी 'सर्वांगीण परिवर्तन' आणि 'होलिस्टिक ट्रान्सफॉर्मेशन' ह्यात काहीच फरक नाही.

लोक असं का लिहितात ह्यावर मला रागापेक्षा काळजी जास्त वाटते. शाळेत निबंधाला मार्क मिळतात ते सुभाषितांना आणि मोठ्या शब्दांना. वक्तृत्व स्पर्धेत जी मुलगी 'ज्ञानाच्या तेजोमय प्रकाशात अज्ञानाचा अंधकार' म्हणते तिचा नंबर येतो आणि जी आपल्या गल्लीतल्या बंद पडलेल्या वाचनालयाबद्दल बोलते तिला उत्तेजनार्थ. मग तीच मुलगी मोठी होऊन अर्ज लिहिते, नोटीस लिहिते, बातमी लिहिते. त्यात अजून एक भीती असते, साधं लिहिलं तर समोरच्याला वाटेल ह्याला येत नाही. जो पहिल्यांदाच साहेबांना पत्र लिहितोय, ज्याच्या घरात आधी कोणी असं पत्र लिहिलेलं नाही, त्याला मोठे शब्द म्हणजे अंगावरचा चांगला सदरा वाटतो, आणि त्याला हसणं मला अजिबात पटत नाही. हा माणूस शब्दबंबाळ लिहितो तो आदरापोटी. ज्याला सगळं सरळ लिहिता येतं आणि तरी उत्तर टाळायला जो शब्द वाढवतो, टीका करायची तर त्याच्यावर करा.

म्हणून हा शब्द वापरताना माझं म्हणणं एवढंच की आधी वाचा, मग म्हणा. वाक्य लांब आहे म्हणून नाही, शब्द माहीत नाही म्हणून नाही. 'तथापि' चा अर्थ माहीत नसेल तर तो विचारून घ्यावा, तो लहान आणि कामाचा शब्द आहे. गोदाघाटावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला असते तिथे एखादा वक्ता पल्लेदार बोलतो आणि शेवटी तुम्ही तीन नवीन गोष्टी घेऊन उठता, तर ते शब्दबंबाळ नव्हतं. आणि दीड तास ऐकून बाहेर आल्यावर घरच्यांनी विचारलं 'काय बोलले?' आणि तुम्हाला 'छान बोलले' ह्यापुढे काही सांगता आलं नाही, तर बहुतेक होतं. एखाद्या मुलाचं लिखाण असं झालं असेल तर तोंडावर हा शब्द मारूही नये, तो लागतो. त्यापेक्षा त्या ओळीवर बोट ठेवून 'इथे तुला नेमकं काय म्हणायचंय, मला बोलून सांग' म्हणावं. नव्वद टक्के वेळा मूल जे बोलून सांगतं तेच चांगलं वाक्य असतं, ते तसंच लिहायला सांगावं.

शेवटी एक नमुना करून बघू. समजा अशी नोटीस आली, ही मीच रचलीय पण असल्या आपण सगळ्यांनी वाचल्यात: 'समस्त सन्माननीय नागरिक बंधू-भगिनींना याद्वारे सविनय सूचित करण्यात येते की, अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव जलवितरण व्यवस्थेच्या देखभाल व दुरुस्तीविषयक कामकाजाच्या अनुषंगाने शहराच्या काही भागातील पाणीपुरवठा अंशतः बाधित होण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी सर्वांनी सहकार्य करून उपकृत करावे.' ह्यात कुठला भाग, कुठला वार, किती वेळ, काहीच नाही. आजी-आजोबा दोघंच राहतात त्यांनी बादल्या भरून ठेवायच्या की नाही? डायलिसिसला जाणाऱ्या पेशंटच्या घरी काय करायचं? आता हीच अशी करा: 'गुरुवारी मोठ्या पाइपलाइनचं काम आहे. सातपूर आणि सिडकोत गुरुवारी सकाळी पाणी येईल, संध्याकाळी येणार नाही. शुक्रवारी सकाळी कमी दाबाने येईल. पाणी भरून ठेवा.' शब्द कमी झाले, पण लिहिणाऱ्याचं काम वाढलं, कारण 'काही भागातील' च्या जागी सातपूर लिहायचं तर ते खरंच सातपूर आहे का हे माहीत पाहिजे आणि 'अंशतः' च्या जागी संध्याकाळ लिहायची तर तेही. माहीत नसेल तर आधी फोन उचलून पंपिंग स्टेशनला विचारावं, कुठला व्हॉल्व्ह बंद होणार आणि किती वाजेपर्यंत, आणि मग नोटीस लिहायला बसावं.